बागेच्या पलीकडचं पांप्लमूस

1744 चा ऑगस्ट संपत आलाय. तुम्ही हिंदी महासागरातल्या ईल द फ्रांस बेटावर, उत्तरेकडच्या पांप्लमूस वस्तीत, गव्हर्नरच्या वाडीच्या फाटकाशी उभे आहात. बेटाला मॉरिशस हे नाव देणारे डच 1710 मध्येच गाशा गुंडाळून गेले. आता अंमल फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा. दक्षिणेला डोंगरांची रांग आणि तिच्यात पीटर बोथ नावाचं शिखर, माथ्यावर भला मोठा धोंडा तोलून धरलेलं. तो धोंडा नीट ओळखून ठेवा. पुढच्या अडीचशे वर्षांत इथलं राज्य, झाडोरा, बोली, सगळं पालटणार आहे. वाट चुकलात तर दिशा तोच सांगेल.

वाडीचं नाव मों प्लेझीर. माहे द ला बुर्दोने 1735 मध्ये गव्हर्नर होऊन आला आणि त्याने ही जागा घेतली. पोर्ट लुई बंदरात थांबणाऱ्या जहाजांना ताजी भाजी हवी होती. पुढे देशोदेशी नावाजलेली बाग मुळात भाजीचा मळा होता. या घटकेला मात्र मळ्याकडे कुणाचं लक्ष नाही. फ्रान्सहून येणारं सें जेरां हे जहाज 17 ऑगस्टला ईशान्येच्या खडकांवर आपटून फुटलंय. वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बेटावर धान्याची टंचाई आहे, त्यामुळे जहाजाची वाट सगळेच पाहत होते. गव्हर्नरला आणखी एक घोर आहे: ऊस गाळण्यासाठी मागवलेली यंत्रं त्याच जहाजात होती.

चाळीसेक वर्षांनी बेर्नार्दां द सें-पियेर नावाचा लेखक या अपघातावर ‘पोल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी लिहील. अवघा युरोप तिच्यावर रडेल. मग प्रवासी पांप्लमूसला येऊन नायक-नायिकेच्या, म्हणजे कधीच न जन्मलेल्या माणसांच्या, कबरी कुठे आहेत ते विचारतील आणि त्यांना त्या दाखवल्याही जातील. समुद्राच्या तळाशी गेलेल्या यंत्रांवर कुणी कादंबरी लिहिली नाही. मला विचाराल तर या गावाचं पुढचं नशीब त्या यंत्रांशीच बांधलेलं होतं.

तुम्ही इथे पाहुणे म्हणून आलात, हे तुमचं दैव. फाटकापलीकडे वाफ्यांत वाकलेली माणसं मादागास्करहून, मोझांबिकहून धरून आणलेली आहेत, थोडी हिंदुस्थानातलीही. गुलामांसाठीच्या 1723 च्या ‘काळ्या कायद्या’ने त्यांना मालमत्तेच्या यादीत बसवलंय. त्यांना जगवायला ला बुर्दोनेने ब्राझीलहून कसाव्याचे कंद आणून लावलेत. बंदुकीची दारू कुटण्याची गिरणीही याच भागात उभी राहिली, आणि तिथलं कामही गुलामांच्याच हाती होतं. दोन वर्षांनी हाच ला बुर्दोने इथून आरमार घेऊन जाईल आणि इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेईल. भाजीच्या मळ्यामागे केवढा खटाटोप असू शकतो!

आता सव्वीस वर्षं पुढे या. 1770 चा जून. गावात दगडी चर्च उभं राहिलंय, 1756 मधलं, संत फ्रान्सिसच्या नावाचं. मों प्लेझीरचा मालक आहे पियेर प्वाव्र, या बेटाचा मुख्य कारभारी. त्याचा उजवा हात नाही. तरुणपणी इंग्रजांशी झालेल्या समुद्री झटापटीत तो गेला. जायफळ आणि लवंग ही तेव्हा डचांची मिरासदारी. मोलुक्का बेटांवरून रोप पळवणाऱ्याला देहदंड. प्वाव्रने तरी माणसं पाठवलीच, आणि या जूनमध्ये त्याची जहाजं रोपं आणि बिया घेऊन परतली आहेत. तुम्ही मांडवाखाली उभे राहून बघता, तर कुंड्यांतली निम्मी रोपं मरगळलेली दिसतात आणि हे कसलं मोठं धाडस, असं मनात येतं. पण पुढे बागेचा प्रमुख झालेला सेरे हा माणूस या रोपांना अशा चिवटपणे जपतो की 1778 मध्ये जायफळ धरतं. इथल्या बेटांवर रुजलेली लवंग पुढे झांझिबारला जाते आणि तिथल्या सुलतानाला श्रीमंत करते.

प्वाव्रच्या घरी फिलिबेर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मुक्कामाला असे. आपल्या कुंपणावरच्या बोगनवेलीला नाव देणारा हाच. त्याच्या हाताखाली काम करणारी झान बारे ही बाई पुरुषाच्या वेषात जहाजावर चढली होती. पुढे ती पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. बागेच्या इतिहासात प्वाव्र, सेरे, कोमेर्सों ही नावं पानापानावर येतात. बारेसाठी सवड कमीच निघते, आणि ज्या हातांनी खड्डे खणले त्यांच्यासाठी तर मुळीच नाही.

1810 च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं आणि जुनं नाव परत आणलं: मॉरिशस. गावाच्या दृष्टीने खरी उलथापालथ झाली 1825 मध्ये, आणि तीही लंडनमधल्या एका जकातीमुळे. तोवर वेस्ट इंडीजच्या साखरेला सवलत होती; ती उठली आणि मॉरिशसची साखर त्याच दराने विलायतेत उतरू लागली. मग कापूस, नीळ, मसाले सगळे बाजूला पडले. झाड दिसलं की तोडा, धोंडा दिसला की उचला, आणि ऊस लावा. जमीन ज्वालामुखीची, काळ्या दगडांनी भरलेली. शेतातून वेचलेल्या दगडांचे ढीग रचता रचता त्यांचे मनोरे झाले. तुम्ही कोणत्याही शतकात आलात तरी हिरव्या उसातून वर डोकावणारे हे काळे मनोरे दिसतील. कुणी बांधले याची पाटी त्यांच्यावर नसते.

1 फेब्रुवारी 1835. गुलामगिरी संपली. भरपाई म्हणून सुमारे वीस लाख पौंड मिळाले, आणि तेही मालकांना. सुटलेल्या गुलामांना आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबायला लावलं गेलं, आणि तीही संपल्यावर बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली. चर्चजवळ एक दगडी कुंड आहे. बाजारात उभं करण्याआधी गुलामांना त्यात अंघोळ घालत, असं गावात सांगतात. आज ते वारसास्थळांच्या यादीत आहे. मळेवाल्यांनी मात्र तेव्हा कुंडाकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर कलकत्ता, मद्रास आणि मुंबईकडे वळली होती. आदल्याच नोव्हेंबरात ‘अॅटलस’ जहाजातून कराराने बांधलेले 36 मजूर कलकत्त्याहून येऊन पोचले होते.

आता 1859. इथे जरा जास्त थांबायचं आहे, कारण या फेरीला तुम्ही पाहुणे नाही.

तुम्ही मुंबईहून आलेले आहात. गाव सह्याद्रीच्या अल्याड की पल्याड, ते तुम्हीच ठरवा. रत्नागिरीचीही माणसं जहाजावर होती आणि साताऱ्याकडचीही. महिनाभराच्या आसपास शिडावर काढून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलात, मजुरांच्या डेपोच्या दगडी पायऱ्या चढलात. कारकुनाने नाव विचारलं, बापाचं नाव, गाव, जात, वय विचारलं, उंची मोजली, अंगावरची खूण पाहिली, आणि हे सारं त्याच्या कानाला जसं लागलं तसं इंग्रजीत उतरवलं. तुम्हाला एक नंबर दिला. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त माणसं या पायऱ्या चढली, तेव्हा कारकुनाला घाई असणारच.

मग चालत पांप्लमूस, अकरा-बारा किलोमीटर. वाट सरळ आणि चांगली बांधलेली आहे. बेटावरचे असे रस्ते बांधणाऱ्यांत तुमच्या आधी मुंबई आणि बंगालहून आलेले हिंदुस्थानी कैदी होते. 1815 पासून वीसेक वर्षं त्यांना इथे काळ्या पाण्यावर धाडत. बीगल जहाजातून आलेल्या डार्विनने 1836 मध्ये त्यांना पोर्ट लुईत पाहिलं होतं.

मळ्याला इथे ‘ताब्लिस्मां’ म्हणतात आणि मजुरांच्या वस्तीला ‘कां’. गवताने शाकारलेल्या झोपड्यांची रांग. शेजारी भोजपुरी बोलणारं घर, पलीकडे तमिळ, तेलुगू. पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस कामाला गेला नाहीत तर दोन दिवसांची मजुरी कापली जाते. 1847 च्या कायद्याने तशी सोय करून ठेवली आहे. ताप आला, पाय सुजला, मूल मेलं, खाडा तो खाडाच. वर सरदार, म्हणजे आपलाच मुकादम, आणि महिनाअखेरीस वहीत काय लिहिलंय ते वाचता येणारं कांमध्ये कुणी नाही.

देशावरचे असाल तर ऊस तुमच्या ओळखीचा. पण इथला खोडवा पाहून चकित व्हाल. एकदा लावलेला ऊस सात-आठ वर्षंसुद्धा खोडव्यावर काढतात. जूनपासून तोडणी. पाचट सोलायचं, वाढे छाटायचे, मोळ्या बैलगाडीत भरायच्या. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर रस आंबतो, म्हणून गळिताच्या दिवसांत भोंगा रात्रीही वाजतो. बो प्लांचा कारखाना गावाला लागूनच. गुऱ्हाळात वाढलेल्या माणसाला आत शिरताच वास ओळखीचा वाटतो: रस उकळतोय, मळी वर येतेय, चिपाडं भट्टीत जळताहेत. फरक आकाराचा. इथे चरक वाफेवर फिरतो, लोखंडी लाटांमध्ये उसाबरोबर हात गेला तर बैल थांबवून काढायची सोय नाही. तयार साखर केवड्याच्या जातीतल्या वाकोआच्या पानांच्या विणलेल्या पोत्यांत भरून बंदराकडे रवाना होते, आणि तुमच्या वाट्याला आलेल्या शिध्यात साखर नसते.

बागेच्या फाटकावरून रोज जाता. आत जेम्स डंकन नावाचा साहेब जगभरचे ताड आणून लावतोय. पलीकडे मों प्लेझीरचा नवा पांढरा बंगला उठलाय. तुम्हाला आत घेतलंच तर ते कामापुरतं, झाडं बघायला नव्हे.

संध्याकाळी मात्र कांमध्ये कुणीतरी मृदंगासारखं काहीतरी जमवतं आणि जाखडी सुरू होते. कोकणातून आलेला हा नाच मॉरिशसच्या मराठी माणसांनी आजवर टिकवलाय, ‘झाकरी’ या नावाने. मुंबईच्या बंदरातून एकंदर तीस हजारांच्या वर माणसं आली. हिंदुस्थानातून आलेल्या साडेचार लाखांच्या लोंढ्यात मूठभरच. पुढे त्यांतली बरीचशी वाकोआ गावाकडे, पश्चिमेला कास्काव्हेलच्या बाजूला एकत्र आली. पांप्लमूसमध्ये मराठी वस्ती शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण बेटावर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती या मूठभरांमुळेच.

यापुढची वर्षं भरभर ओलांडू. 1864 मध्ये गावात आगगाडी येते. पोर्ट लुईहून सुटणारी उत्तरेची गाडी उसाच्या मधून धडधडत इथे थांबते. पण सुख दोन वर्षंच. 1866 पासून मलेरियाने बेट झोडपून काढलं. हजारो मेली, पैसेवाल्यांनी पोर्ट लुई सोडून क्युरपीपच्या थंड पठारावर घरं केली आणि पांप्लमूसची शान त्यांच्यामागोमाग गेली. बागेचं काम अचानक बदललं. दलदली आटवायला हजारो निलगिरीची रोपं इथे तयार होऊ लागली. बागेच्या साऱ्या इतिहासात मला हा काळ सर्वांत आवडतो, कारण या वेळी ती कुणाला तरी खरोखर उपयोगी पडली. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या छळाविरुद्ध अर्ज केला. त्यावर 9,401 सह्या आणि अंगठे. लंडनहून चौकशी आयोग आला. त्याने भलंमोठं पुस्तक लिहिलं. थोडं सुधारलं, बरंचसं तसंच राहिलं.

करारबद्ध मजुरी 1910 मध्ये थांबली. प्रवासी आगगाडी 1956 मध्ये बंद झाली. देश 1968 च्या 12 मार्चला स्वतंत्र झाला. ही तारीख दांडीयात्रेची म्हणून मुद्दाम निवडलेली. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, एका भोजपुरी मजुराचा मुलगा. 1985 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच बागेत, आणि पुढे बागेला त्यांचं नाव लागलं. मजुराला जिथे फक्त कामापुरतं आत घेत, तिथे मजुराच्या मुलाची समाधी आहे. योगायोग नाही, जागा विचारपूर्वक निवडलेली आहे.

1999. बो प्लांचा भोंगा शेवटचा वाजतो. एके काळी बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने होते; आता ते एकात एक विलीन होत चाललेत, कारण मोठ्या कारखान्यात चिपाडापासून वीजही निघते आणि खर्च निभावतो. दशकभरात युरोपने ठरवून दिलेला चढा भावही जाणार आहे. बो प्लांचा ऊस आता शेजारच्या बेल व्ह्यूला गाळला जाईल. तुम्ही फाटकाबाहेर उभे राहून बघा: सायकलींवरून बाहेर पडणाऱ्या कामगारांना पुढे काय, हे ठाऊक नाही. एवढं एकच की कारखाना मोडीत निघाला नाही. तीन वर्षांनी, 2002 मध्ये, त्याच लोखंडाभोवती संग्रहालय उभं राहिलं.

आणि आता आज. पोर्ट लुईच्या इमिग्रेशन स्क्वेअरवरून बस धरा. ती तो जुना डेपो, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, ओलांडूनच पुढे निघते. युनेस्कोने 2006 मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवलं. वाटेत खायला कागदात गुंडाळलेली दालपुरी घ्या. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ती आधी फसवी आणि मग फार चांगली वाटते, कारण आत डाळ असून गोड नाही. पांप्लमूसला उतरलात की पीटर बोथचा धोंडा आहे त्याच जागी दिसेल.

बाग बघा, जरूर बघा. भारतात जन्मलेल्या फ्रांस्वा लिएनारने दिलेलं लोखंडी फाटक, परातीसारख्या काठांची राक्षसी कमळपानं, पहिल्या दिवशी पांढरं उमलून दुसऱ्या दिवशी गुलाबी होणारं त्यांचं फूल, आयुष्यात एकदाच फुलून मरणारा टॅलिपॉट ताड, अल्दाब्राची सुस्त महाकाय कासवं, इंदिरा गांधी आणि नेल्सन मंडेला यांनी लावलेली झाडं. गाइड घेतलात तर तो पानं चुरगाळून तुमच्या नाकाशी धरेल आणि ओळखा म्हणेल. लवंग, दालचिनी ओळखताना मराठी माणूस उगाच भाव खातो. पण अख्खा दिवस इथेच घालवू नका. पर्यटक नेमके तेच करतात. चर्चमागच्या कबरस्तानात सेंट हेलेनावर नेपोलियनजवळ राहिलेला पाद्री, आबे बुओनाव्हिता, पुरलेला आहे. बंदुकीच्या दारूच्या गिरणीच्या बाजूला आज सरकारी रुग्णालय आहे, रामगुलामांच्याच नावाचं.

दुपार संग्रहालयाला द्या. एरवी मळ्यांच्या जुन्या हवेल्यांत फर्निचर आणि चिनी मातीची भांडी दाखवून वेळ मारून नेतात. इथे तसं नाही. गुलामांचा व्यापार, शिक्षा, पळून गेलेले गुलाम म्हणजे ‘मरून’, करारातली फसवणूक, सगळं मांडलंय आणि आडपडदा न ठेवता मांडलंय. लोखंडी लाटा हाताच्या अंतरावर आहेत. शेवटी चाखण्याची खोली येते: पांढुरक्या साखरेपासून काळ्या मस्कोव्हाडोपर्यंत चमच्या-चमच्याने चव घ्यायची, मग रम. मस्कोव्हाडो काकवीच्या फार जवळची लागते. बाहेर आल्यावर नव्या बांधकामांचे फलक दिसतील. बो प्लां आता ‘स्मार्ट सिटी’ होतंय: मॉल झालाय, शाळा, ऑफिसं, घरं. उसाचं शिवार मागे सरकतंय. यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी उसात राबलेलं कुणी मला तरी माहीत नाही.

एक काम मात्र पांप्लमूसमध्ये होणार नाही. त्यासाठी मोकाला जावं लागेल. तिथल्या महात्मा गांधी संस्थेत डेपोच्या त्या सगळ्या नोंदवह्या आहेत, कारकुनाने घाईत लिहिलेल्या. पूर्वज कोणत्या जहाजाने आला, कोणत्या मळ्यावर गेला, ते पाहायला मॉरिशसची कुटुंबं येतात. परदेशस्थ भारतीय वंशजांचं ओसीआय कार्ड काढायचं तर असा पुरावा कामी येतो. कोकणातली, साताऱ्यातली गावं तिथे इतक्या तऱ्हांनी लिहिली गेलीत की स्वतःचं गावसुद्धा चटकन ओळखू येत नाही. म्हणून गावाच्या नावाने शोधत बसू नका. घरात कुठे जुना कागद, पास, दाखला असेल तर त्यावरचा नंबर आधी उतरवून न्या.